एकतीस टक्क्यांची वजावट

यंत्राने वजा केलेला भाग एरवी दोन टक्क्यांच्या आत असे. खुनाच्या प्रकरणातल्या कोयत्याच्या मुठीवरून घेतलेल्या नमुन्यात तो एकतीस होता.

डॉ. हेमलता बोडस यांनी हा आकडा महिन्यापूर्वीच पाहिला होता. तेव्हापासून अहवाल सहीविना पडून होता.

"हातमोजा फाटला असेल माझा," त्या म्हणाल्या. त्यांचे बोट टेबलावर सारखे आपटत होते.

"फाटला तरी तीन-चार टक्के, मॅडम," त्यांची सहकारी रेश्मा तडवी म्हणाली. "एकतीससाठी कोयता उशाशी घेऊन झोपावं लागेल."

बाई हसल्या नाहीत.

प्रत्येकाच्या त्वचेवर जिवाणूंचे वेगळे मिश्रण असते. वस्तू हाताळली की त्याचा 'जिवाणूठसा' मागे राहतो. ही तपासपद्धत देशात बाईंनीच रुजवली. तिची शिस्तही त्यांचीच: तपासणाऱ्याने आधी स्वतःचा ठसा द्यायचा आणि यंत्राने तो प्रत्येक नमुन्यातून वजा करायचा. कोर्टात कोणी शंका घ्यायला नको.

वजावटीनंतर कोयत्यावर दोनच ठसे उरले होते, मृताचा आणि त्याचा ड्रायव्हर नामदेव सोनकांबळे याचा. नामदेव पहिल्यापासून सांगत होता, वार करून तिसराच पळाला, मी फक्त कोयता हिसकावला. उद्या हा अहवाल कोर्टात गेला की त्याची जन्मठेप जवळजवळ नक्की होती.

रेश्माने पडद्यावर दोन आलेख आणले. "हा माझा, हा सासूबाईंचा. इतकी वर्षं एका घरात राहून ठसे सारखे झालेत. स्वभाव तेवढे राहिलेत." मग तिचा आवाज उतरला. "यंत्राला मला वजा करायला सांगितलं, की त्याही पुसल्या जातात."

"म्हणजे तिसरा होता."

"होता. यंत्राने त्याला तुम्ही समजून काढून टाकलं. मी वजावट बंद करून पाहिलं. ठसा तुमच्यासारखाच आहे, पण तुमचा नाही."

बाईंच्या घरी दोघेच राहत, त्या आणि त्यांचा मुलगा सौमित्र.

त्या उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. फोन उचलून पुन्हा ठेवला.

"नमुना दूषित झाला असं लिहू या," रेश्मा हळूच म्हणाली. "नामदेव सुटेल. पुढे कोणी विचारणार नाही."

"मी विचारेन ना." बाई खुर्चीत बसल्या. "तपास अधिकाऱ्यांना फोन लाव. म्हणावं, तुलनेसाठी एक ठसा घ्यायचाय. माझ्या मुलाचा."