तीन वाडगे होईपर्यंतचं ऊन

"मी हात नाही लावला कॅमेऱ्याला! खरंच सांगते!" जिपार कळवळून म्हणाली.

"मग फोटो काय आपोआप बिघडले?" शेरगाझीकाका गुरकावला. उन्हाळी कुरणावर दर आठवड्याला घोड्यावरून येणारा हा फोटोग्राफर. सुट्टीत त्याची पिशवी जिपार सांभाळायची, म्हणून खापर तिच्याच डोक्यावर! "रोलमधला शेवटचा फोटो उरलाय, बूबुसायरा आजींचा. तोही बिघडला, तर कॅमेऱ्याच्या आसपास फिरकायचं नाही! कायमचं!"

आजी नव्वदीच्या. आजवर त्यांचा एकही फोटो धड आला नव्हता. जिपारला रडूच फुटलं.

धाकटा तिलेक मात्र गेल्या खेपेचे फोटो गवतावर मांडून बसला होता. "ताई, गंमत बघ! काद्यरचा फोटो लख्ख. बाकी कुणी काळेकुट्ट, कुणी पांढरेफटक!"

"तो कवडीचुंबक? पाहुण्याला घोटभर कुमीस देत नाही मेला..." जिपार थबकली. "तिलेक्या! अरे, तेच तर!"

काका घोड्यावरून उतरला की आधी मीटरने ऊन मोजायचा, कॅमेऱ्याचे आकडे लावायचा. मग यजमान त्याला युर्तमध्ये, आपल्या गोल तंबूत ओढायचे. घोडीच्या दुधाच्या आंबट कुमीसचे तीन वाडगे रिचवल्याशिवाय पाहुण्याला उठू देतील तर शपथ! तोवर बाहेर ढग यायचा नाहीतर जायचा. आकडे मात्र तेच!

"सांगू या काकाला?"

"आपलं ऐकतोय तो! तू मीटर लांबव."

काका आजींच्या दारात उतरला. खिसे चाचपले. "मीटर कुठं गेलं?"

"सापडेल रे, आधी आत ये," म्हणत आजींनी हात धरून नेलंच.

तीन वाडगे झाले. मंडळी बाहेर आली, तर सूर्य ढगाआड!

"काका, हे गवतात होतं!" तिलेक धावत आला.

"राहू दे. मघाशी ऊन बघून अंदाजाने आकडे लावलेत."

"पण तुटलंबिटलं नाही ना? बघा तरी!"

काकाने मीटर धरलं. काटा पार खाली! "गेलं वाटतं कामातून..."

"मीटर नाही, ऊन गेलंय काका!" जिपार लांबूनच ओरडली.

काकाने वर पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे. त्याने आकडे बदलले आणि फोटो काढला.

आठवड्याने तो फोटो घेऊन आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी होती, पोरी. उगाच तुला बोललो."

आजी कितीतरी वेळ फोटो न्याहाळत राहिल्या. एकेक सुरकुती स्पष्ट होती.

"अगं बाई! ही तर हुबेहूब माझी आई!" त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत त्यांनी जिपारला जवळ ओढलं. "गुणाची गं माझी पोर!"