वीस लिटरचा चाफा

स्त्रीच्या त्यागाला मोजमाप नसते! तो सागरासारखा अथांग, आभाळासारखा अमर्याद... मालिनीच्या त्यागाला मात्र होते. वीस लिटर. रंगाच्या तेवढ्याच बादलीत तिच्या माहेरचा सोनचाफा चोवीस वर्षे उभा होता.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, कळवणला, गेली तेव्हा आईने तो हातात दिला होता. "सासरच्या अंगणात लाव. फुलला की समज, मुळं धरलीस." सासरी, इंदिरानगरच्या बंगल्यात, परत पाऊल टाकताच मालिनीला फाटकाजवळचा कोपरा दिसला. ऐसपैस, उन्हातला, जणू तिचीच वाट पाहणारा! तिने लाजत विचारलं, "आई, इथे लावू?" सासूबाईंनी क्षणभर कोपऱ्याकडे, क्षणभर सुनेकडे पाहिलं आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "तिथे नको गं. तिथे मोकळंच बरं वाटतं."

चाफा बादलीत गेला. मालिनी पुन्हा त्याबद्दल बोलली नाही, आणि ती बोलत नाही हे घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात राहील इतपत काळजी मात्र तिने घेतली. सासूबाईंची आजारपणं, दीर विहंगचं शिक्षण, नणंद आभाचं लग्न... सगळं तिने निभावलं. चाफ्याला वर्षाकाठी चार फुलं येत. तीही रुसल्यासारखी.

आणि मग पुण्याहून विहंगची बदली झाली, आणि मृण्मयी आली!

धाकट्या जावेत तसा दोष काही नव्हता. तेच तर मालिनीला सहन होत नव्हतं. ती हसून बोले, 'वहिनी, वहिनी' करत मागेमागे फिरे, आणि तिला रिकामी जागा बघवत नसे. जिन्याखाली मालिनीचे पापड-कुरडयांचे डबे होते. तिथे पसरट पितळी उरळी आली आणि तिच्यात पाकळ्या तरंगू लागल्या. धुण्याच्या दगडाभोवती कुंड्या बसल्या. जिन्याच्या वळणावर लोखंडी मोर उभा राहिला, आणि रोज सकाळी मालिनीकडे पाहू लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "घराचा कायापालटच केला हो धाकटीने!" सासूबाईंनी तर उरळीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. मालिनीच्या पुरणपोळीचा फोटो आजवर कुणी टाकला नव्हता. खाण्यातच सगळ्यांचे हात गुंतलेले असत.

चैत्रातल्या त्या रविवारी ती कढईसमोर उभी होती. फोडणीत मोहरी तडतडली आणि खिडकीतून तिला दिसलं... फाटकाजवळच्या कोपऱ्यात मृण्मयी टेप धरून उभी होती! टेपचं दुसरं टोक धरायला मालिनीचा स्वतःचा नवरा, देवव्रत, ओणवा झाला होता. चोवीस वर्षांत चाफ्याची बादली उन्हातून सावलीत सरकवायला तो कधी वाकला नव्हता.

मोहरी जळली. मालिनीही.

"काय चाललंय?" ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"वहिनी, सरप्राइज होतं खरं तर," मृण्मयी म्हणाली. "झोपाळा! सागवानी, कड्यांचा. बुधवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे ना, त्याच्या आत बसवू. आईंना फोन केला होता, पण त्या घोटीला आभाताईंकडे, आणि तिथे घरात रेंजच नाही."

"छान," मालिनी म्हणाली. हा शब्द तिने इतक्या हळू उच्चारला की देवव्रतने टेप सोडून दिली.

"वहिनी... काही चुकलं का?"

"तुझं कसं चुकेल? तुला जागा मागावी लागत नाही. मागणाऱ्यांचंच चुकतं. मी मागितली होती! फक्त दोन हात माती... एका रोपापुरती! कर, झोपाळा कर, कारंजं कर. माझ्या चाफ्याचं काय, बादलीत जन्म गेला, उरलेलाही जाईल!"

आणि तिने पदर डोळ्यांना लावला. हे वाक्य तिने पुष्कळ वर्षं मनात घोळवून तयार ठेवलं होतं. पण म्हणताना ते खरंच रडवील, असं तिला वाटलं नव्हतं.

मृण्मयीचा चेहरा उतरला. "वहिनी, झोपाळा माझ्यासाठी नव्हता हो. तुम्ही रोज पायरीवर बसून भाजी निवडता, आणि उठताना भिंतीला धरता... म्हटलं, तुम्हाला टेकायला हक्काची जागा हवी. या घरात तुम्ही टेकलेल्या मी पाहिल्याच नाहीत!"

जिच्यावर इतके महिने मनसोक्त जळावं, तिनेच असं काही बोलावं, हा एक प्रकारचा अन्यायच होता. पण मालिनीच्या डोळ्यांना ते कळेना. ते वाहू लागले.

"चाफाच लावायचा. झोपाळा रद्द," मृण्मयी म्हणाली.

"वेडी आहेस का? झोपाळाच होणार."

"नाही म्हणजे नाही, वहिनी!"

"थोरली कोण आहे इथे?"

दोघींच्या त्यागाची ही चुरस बराच वेळ चालली असती. पण देवव्रत म्हणाला, "दोन्ही बसतील की," आणि संसारात पहिल्यांदाच त्याचं कुणीतरी ऐकलं.

मंगळवारी सकाळी मालिनीने स्वतःच्या हाताने सुरी घेऊन बादली चिरली. आतली मुळं गोल गोल फिरून बादलीच्याच आकाराची झाली होती. तिला ती बघवेनात. मृण्मयीने पदर... म्हणजे ओढणी खोचून कुदळ उचलली. माती वीतभर गेली असेल नसेल, तोच कुदळ ठण्णकन वाजली!

"थांबा! थांबा गं!"

फाटकात रिक्षा उभी होती. सासूबाई पिशवीसकट उतरून धावतच येत होत्या.

मालिनी चाफ्याला बिलगली. पुन्हा तेच! "आई," ती म्हणाली, "आजही नको? माझ्या चाफ्यात असं काय वाईट होतं? की माझ्यातच होतं?"

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "अगं, तुझ्यात? तुझ्याच जिवावर तर हे घर उभं आहे! तू चार दिवसांची नवी नवरी, हातात माहेरचं रोप, डोळ्यांत पाणी... तुला मी कोणत्या तोंडाने सांगायचं होतं?"

"काय?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. फाटकाकडे बघितलं. देवव्रतकडे बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तिथे खाली संडासाची टाकी आहे. जुनी. मुलं लहान असताना ड्रेनेज आलं आणि ती बुजवायची राहिली. वर झाड नको नि खांबही नको, खचेल."

मृण्मयीने कुदळ हळूच बाजूला ठेवली.

"पण आई, इतकी वर्षं?" मालिनीला एवढंच म्हणता आलं.

"तू पुन्हा विचारलंसच कुठे? मला वाटलं, तुला कळलं. समजूतदार म्हणून सगळीकडे सांगत फिरले मी!" असं म्हणत त्यांनी सुनेला जवळ ओढलं. त्यांच्या खांद्यावर मालिनी मनमोकळी रडली. तिच्या खांद्यावर मृण्मयी. देवव्रतने खड्डा बुजवला.

बुधवारी हळदीकुंकवाला बायका आल्या. डाळ-पन्हं घेता घेता शेजारच्या काकूंनी विचारलं, "घर एवढं सजवलंत, मग तो कोपरा का हो रिकामा ठेवलात?"

मालिनीने पदर सारखा केला.

"तिथे मोकळंच बरं वाटतं," ती म्हणाली.

चाफा सध्या चाळीस लिटरच्या ड्रममध्ये आहे.