काचवाल्याचा हात

या, जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्या थोरल्या मेव्हणीवर गुदरलेली आहे. ती शाळेत पीटी शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला पीटीबाईच म्हणायची. पोरांना प्रथमोपचार शिकवण्यात तिचा हातखंडा. पण बावीस वर्षांत खरं रक्त म्हणाल, तर फुटलेल्या गुडघ्यापलीकडे तिने पाहिलं नव्हतं.

गेल्या डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, म्हणून ती स्कूटर काढून औषधाच्या दुकानाकडे निघाली. गोदामांमागचा रस्ता, दिवा म्हणून नाही. वळणावर तिला वाटलं, पाणी सांडलंय. जवळ गेली तर काचा. खिडकीच्या तावदानांचा नुसता चुरा, त्यात आडवी सायकल, आणि शेजारी काचवाला. उजवा हात कोपराखाली उभा चिरलेला. रक्त उसळत होतं.

पीटीबाईचे हात शिकवल्यासारखे चालले. ओढणीची घडी जखमेवर दाबली, त्याचा हात वर धरला. रुग्णवाहिकेला फोन लावला.

"वीस मिनिटं लागतील. दाब सोडू नका."

एका हाताने दाब धरूनच तिने त्याचे पाय सायकलवर टेकवले, आपली शाल त्याच्यावर ओढली. मग दोन्ही हातांनी दाबून बसली. स्कूटरच्या दिव्यात त्याचे ओठ पांढरेफटक दिसत होते. अंग गार, घामेजलेलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, एकदा फडकं उचलून बघा. थांबलं असेल."

"उचलायचं नसतं. अहो, नुसते उभे काय, टॉर्च धरा."

कुणी पुढे आलं नाही.

"मग पाणी तरी पाजा त्याला."

"पाणीही नाही."

आवाज या कानाकडून त्या कानाकडे सरकला. आणि तिच्या लक्षात आलं... चहूकडे काचा. कुणाच्या पायाखाली एकही वाजली नव्हती.

ती वळली नाही. वळली असती, तर दाब सुटला असता.

"बाई... मला थंडी वाजते."

अगदी कानाशी. समोरच्याचे ओठ मिटलेले.

"सोडा आता. हात माझा आहे."

ती सोडेना. बोटं आखडली. पाठीवर वजन आलं. आधी हलकं. मग जड... तिने मोठ्याने आकडे म्हणायला सुरुवात केली, मैदानावर म्हणायची तसे. एक... दोन... तीन...

मागूनही कुणी मोजू लागलं.

उलटं.

वळणावर गाडीचा दिवा दिसला. तेव्हा थांबलं.

काचवाला वाचला. अजून काचा बसवतो, डाव्या हाताने. त्याला त्या रात्रीचं काही म्हणजे काही आठवत नाही.

तिला दवाखान्यातून घरी आणायला मीच गेलो होतो. जिन्यातल्या दिव्याखाली ती पुढे चढत होती. कुर्त्याच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, रक्ताचा पंजा. पाच बोटं. अंगठा मणक्याकडे. मी लांबूनच माझा पंजा त्या खुणेसमोर धरून पाहिला.

उजवा.

आणि त्याचा उजवा हात... तो तर गाडीत चढवेपर्यंत तिने सोडलाच नव्हता.