पेनसिल्व्हेनिया कुणाचं?

"पेनसिल्व्हेनियात निळा पक्षच जिंकणार," आभा फोनवर ठासून सांगत होती. "सगळे आकडे तेच म्हणतायत."

"छे! लाल जिंकणार," शेजारून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं.

ती दचकलीच. दुबईच्या खाडीत, बर दुबईहून पलीकडच्या देऱ्याकडे निघालेल्या अब्रा होडीत, संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यात, मांडीवर एसीचे कॅटलॉग सांभाळत एक तरुण बसला होता. डोळ्यांत मिश्कील हसू... आणि आविर्भाव असा, जणू आत्ताच मतं मोजून आलाय!

"तुम्हाला काय माहीत?"

"आतली खबर आहे."

"कसली खबर?"

"ती अशी काठ येईपर्यंत सांगून होणार नाही. उद्या याच वेळी या."

अशी ही विघ्नेशची ओळख. उद्याची परवा झाली, परवाचे आठवडे झाले आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. अमेरिकेचा अध्यक्ष कोण, हे ज्या राज्यांवर अडलं होतं त्यांतलं पेनसिल्व्हेनिया हे सगळ्यात लहरी राज्य. कधी निळ्यांकडे झुकणारं, कधी लालांकडे. निवडणुकांचे अंदाज विकणाऱ्या कंपनीत आभा प्रोबेशनवर होती. "पेनसिल्व्हेनिया बरोबर आलं तर पर्मनंट, नहीं तो खलास," असं मॅनेजर रफिकसरांनी हसत हसत बजावलं होतं. खलास म्हणजे व्हिसा रद्द आणि पुण्याचं विमान.

ती आकडे मांडायची, तो ते उडवून लावायचा. घरी जाऊन ती चरफडायची... आणि दुसऱ्या संध्याकाळी धक्क्यावर जाण्याआधी पुन्हा काजळ घालायची. भांडायला जाताना काजळ कशाला लागतं, हे तिचं तिलाच ठाऊक!

निकालाच्या सकाळी दोघं धक्क्याजवळच्या कॅफेटेरियात कडक दुधाळ करक चहा घेत बसले होते.

"विघ्नेश, एक सांगू? शेवटच्या दिवशी मी अंदाज बदलला. लाल करून पाठवला. तू म्हणालास म्हणून—"

त्याच्या हातातला कप कलंडला. चेहरा पांढराफटक.

"आभा, मॅड आहेस का? मला... मला यातलं काहीही कळत नाही!"

"म्हणजे?"

"पेनसिल्व्हेनिया कुठंय तेसुद्धा मी आपण भेटलो त्या रात्री गूगल केलं!"

"आणि ती आतली खबर?"

"तू निळा म्हणालीस, म्हणून मी लाल म्हणालो. 'हो' म्हटलं असतं तर तू थँक यू म्हणून देऱ्याला उतरून गेली असतीस. मग रोज तुझ्याशी कशावरून बोललो असतो मी?"

"माझी नोकरी होती रे ती... माझी नोकरी!" तिला रडूच फुटलं.

"मी येतो तुझ्या सरांकडे. सांगतो, सगळी माझी चूक—"

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. तिला बघवेना. त्यानेच भीत भीत पाहिलं... आणि पाहतच राहिला.

"लाल."

"काय?"

"पेनसिल्व्हेनिया... लाल आलंय."

आनंद करायचंही दोघांना सुचेना. पाठोपाठ रफिकसरांचा व्हॉइस मेसेज आला, "यल्ला आभा, ऑफिस आओ! सब ब्लू बोल रहे थे, तुम अकेली रेड! क्लायंट को तुम्हारी मेथड सुननी है!"

विघ्नेश हसू लागला आणि मध्येच थांबला.

"आभा... तुझे आकडे शेवटी काय म्हणत होते?"

"निळा."

"अगदी शेवटपर्यंत?"

"अगदी."

"मग नुसत्या माझ्या शब्दावर का बदललंस?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते ओठांवर आलं, तेव्हा निकालापेक्षाही मोठा धक्का तिला बसला. आकड्यांवर जगणारी ही शहाणी मुलगी एका एसी विकणाऱ्याच्या थापेवर नोकरी पणाला लावून बसली होती. आणि निकाल उलटा आला असता, तरी तो तिला त्याच्याच शेजारी बसून ऐकायचा होता!

"बोल ना," तो हळूच म्हणाला.

"तू आवडतोस मला, विघ्नेश. खूप," ती कशीबशी म्हणाली. कानशिलं तापली होती. "आता हे मी क्लायंटला कसं सांगू?"