चौथा चौकोन

आमच्या रोबोटवर चार कॅमेरे होते. ज्यानं जो बसवला, त्याचं नाव त्या कॅमेऱ्याला. लॅपटॉपवर चार चौकोन, प्रत्येकाखाली नाव आणि आलेल्या फ्रेम्सचा आकडा. कॅमेरा चालू असला की आकडा पळायचा, बंद असला की शून्य. चौथा, मागचा कॅमेरा अमरदीपचा. चारही व्हिडिओ न अडकता पोचवणारा कोडही त्याचाच.

स्पर्धेच्या फॉर्मवर चारच नावं चालणार होती आणि सरांना त्यांचा भाचा रितेश हवा होता. रितेशला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा तेही ठाऊक नव्हतं. कॅप्टन मी. मुकाट्यानं अमरदीपचं नाव खोडलं.

तो भांडलाही नाही. "झगडा नक्को. स्टेजवर माझं नाव घे रेणू, बस. आई मोबाइलवर लाइव्ह बघंल."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

मग तो आजारी पडला. गौलीगुड्याला घरीच होता. रुसलाय, असं आम्ही ठरवून टाकलं आणि कुणीच गेलो नाही. त्याचा कॅमेरा मी काढून माझ्या खणात टाकला. चौकोन मात्र निघेना. कोडला हात लावला की बाकीचे तिन्ही बंद पडायचे. शेवटी पडद्यावर त्याच्या नावापुरती चिकटपट्टी लावली. असलं काम मला छान जमतं.

फायनल नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर होती, सकाळी अकराला. मैदानाकडे पाठ करून, फक्त चौकोन बघत रोबोट चालवायचा. अर्ध्यात रितेश म्हणाला, "अरे, हा चौथा कसा काय चालू झाला? देख ना."

आकडा पळत होता. चौकोनात छत दिसत होतं. हिरवा चुना, एक पातं वाकलेला पंखा. त्या पंख्याखाली बसून मी जेवले होते.

शेजारच्या टीमचा सिग्नल घुसला असेल, म्हणून मी तपासलं. आमचे कॅमेरे वायरचे होते. चौथ्या जागी वायरच नव्हती.

आम्ही जिंकलो. सरांनी माझ्या हातात माइक दिला. लॅपटॉप समोरच्या टेबलावर उघडा होता.

चौकोनात भागूबाईंचा चेहरा आला. अमरदीपची आई. वाकून बघत होत्या. त्यांनी मोबाइल जवळ धरला. मोबाइलवर स्टेज होतं. स्टेजवर मी होते, तोंडाशी माइक.

सर शेजारीच उभे होते. मला त्यांची भीती वाटली. खरं तेच सांगते.

मी म्हटलं, "याचं सगळं श्रेय रितेशला."

भागूबाईंनी मोबाइल खाली ठेवला.

बराच वेळ फक्त पंखा.

मग त्यांचा तळहात खाली आला. जवळ. आणखी जवळ.

चौकोन काळा झाला.

दुपारी फोन आला. दुसऱ्या दिवशी त्याला मातीत ठेवलं.  मी निघताना भागूबाई म्हणाल्या, "ऐकलं त्यानं, बेटा."

आज तिसरा दिवस. रोबोटची बॅटरी काढून ठेवली आहे. कॅमेरा माझ्या खणातच आहे. पडद्यावरची चिकटपट्टी मी सोलून काढली.

चौथा चौकोन अजून काळाच आहे. खालचा आकडा पळतो आहे.