डायरेक्ट

मीटरताईच्या दुकानात कामाची एक ठरलेली रीत होती. गाडी आली की आधी मीटर, मग खडू, मग पाना. टेबलामागच्या भिंतीला तिने काळा रंग देऊन घेतला होता. त्यावर एकेक आकडा लिहायचा आणि सगळे आकडे लिहून होईपर्यंत गाडीचा एकही स्क्रू उघडायचा नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की ती म्हणायची, "गाडी थापा मारत नाही. तुम्ही जरा गप्प बसा, मला तिच्याशी बोलू द्या."

दाराशी पाटी होती : 'इथे डायरेक्ट करून मिळणार नाही.'

एखादा स्विच बिघडला की तो नीट करायचा सोडून त्याच्या दोन्ही वायरी कापायच्या आणि एकमेकींना पीळ द्यायचा, याला धंद्यात डायरेक्ट करणं म्हणतात. काम पाच मिनिटांचं. गिऱ्हाईक खूश होतं आणि पुढे कधीतरी तोंडावर पडतं, कारण गाडीतला प्रत्येक स्विच कशालातरी नको म्हणण्यासाठी बसवलेला असतो. बावीस वर्षांत मीटरताईने दुसऱ्यांनी डायरेक्ट केलेल्या कितीतरी गाड्या उसवून पुन्हा सरळ केल्या होत्या. स्वतः एकही केली नव्हती.

मंगळवारी सकाळी सव्वाआठला एक मुलगी मोटरसायकल ढकलत दुकानासमोर आली. असेल सत्तावीस-अठ्ठावीसची. अंगावर नर्सचा इस्त्रीचा पांढरा गणवेश, पाठीवर सॅक. गाडी जुनी होती, पण तिची निगा कुणीतरी वेड्यासारखी राखलेली दिसत होती. टाकीवर एक ओरखडा नव्हता.

"सेल्फ लागत नाही," ती म्हणाली. "आणि या मॉडेलला किक नाही."

"कधीपासून लागत नाही?"

"माझ्याकडे आल्यापासून माझ्याकडून एकदाही लागला नाही. काल शेजारच्या काकांनी बटण दाबलं, तर एका दमात चालू झाली."

शेजारचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "बघा ताई, गाडीसुद्धा माणूस बघून वागायला लागली."

"तू तुझी भोकं मोज," मीटरताई म्हणाली.

तिने चावी फिरवली. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. बटण दाबलं. इंजिन लगेच चालू झालं, अगदी एकसुरी. तिने ते बंद केलं आणि मुलीला बसायला सांगितलं. मुलगी बसली, क्लच दाबला, बटण दाबलं. काही नाही. सीटखालच्या रिलेचा 'टिक' असा आवाजसुद्धा नाही.

"पुन्हा."

पुन्हा काही नाही.

"कुठे जायचंय?"

"साठ किलोमीटरवर आरोग्य केंद्र आहे. आज बारापर्यंत हजर होऊन सही करायची. नाही केली तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला." मुलीने सॅकमधून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला आणि न दाखवताच परत ठेवला. "ही नेमणुकीची तिसरी ऑर्डर आहे ताई. आधीच्या दोन बाबांनी फाडल्या. चौथी येणार नाही, माझं वय बसणार नाही."

"बस नाही तिकडे?"

"दुपारी एक जाते."

"माझी स्कूटर घेऊन जा."

"नाही," मुलगी म्हणाली. "हीच न्यायची. आता माझ्या नावावर आहे ती."

मीटरताईला हे उत्तर आवडलं. तिने मीटर काढला.

बॅटरी बारा पूर्णांक सात व्होल्ट. फ्यूज शाबूत. सेल्फ फिरताना बॅटरी दहा पूर्णांक चारपर्यंत उतरते, म्हणजे तब्येत उत्तम. रिले ठीक, क्लचचा स्विच ठीक, स्टँडचा स्विच ठीक. भिंतीवर आकड्यांचा एक स्तंभ झाला. मग तिने तेच सगळं मुलीला गाडीवर बसवून पुन्हा मोजलं. दुसरा स्तंभ पहिल्यासारखाच उतरत गेला आणि एका ओळीवर अडला. उजव्या मुठीवरचं लाल बटण, इंजिन जागच्या जागी बंद करणारा किल स्विच. त्याच्या एका वायरीत बारा पूर्णांक सहा. दुसरीत शून्य.

बटण 'चालू'वर होतं.

मुलीला उतरवलं. दोन्ही वायरींत बारा पूर्णांक सहा. बसवलं. शून्य.

"वजनाने वायर कुठेतरी दबत असेल," मीटरताई म्हणाली आणि पंक्चरवाल्याला हाक मारली. त्याचं वजन मुलीच्या दुप्पट तरी होतं. तो हात पुसत आला, बसला, दोनदा आपटून बसला, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही. बटण दाबलं, इंजिन चालू झालं.

"चला," तो म्हणाला, "गाडीचं मन माझ्यावर आलंय, तर मीच जाऊ का सही करायला?"

 मीटरताईने वायरिंग मुठीपासून सीटपर्यंत बोटांनी दाबत, वाकवत, हलवत तपासलं. मुलीला नुसतं गाडीशेजारी उभं राहून हँडल धरायला लावलं. बारा पूर्णांक सहा. पाय टाकून बसायला लावलं. शून्य. नऊ वाजले होते.

आता स्क्रू उघडायला हरकत नव्हती. तिने स्विचचं घर उघडलं आणि लाल टोपी टेबलावर काढून ठेवली. आत नखाएवढी पितळी पट्टी, तिच्यामागे स्प्रिंग, समोर टाचणीच्या डोक्याएवढे दोन बिंदू. सगळं स्वच्छ. तिने डोळ्याला भिंग लावलं.

"बस," ती म्हणाली.

मुलगी बसली. पितळी पट्टी सरकली. झटक्याने नाही, सावकाश, स्प्रिंग दबत दबत, दोन मिलिमीटर. बिंदूंपासून सुटली आणि तिथेच थांबली. तिला धरून ठेवणारं तिथे काही नव्हतं. टोपी टेबलावर होती.

मीटरताईने बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक पट्टीला लावून तिला परत ढकललं. पट्टी हटली नाही. तिने जोर वाढवला. समोरचा जोर वाढला. तिने हात सैल सोडला, तसा तोही सैल झाला. स्प्रिंगचा जोर असा नसतो. स्प्रिंगला समोर कोण आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

तिने भिंग काढलं, पुसलं आणि खिशात ठेवलं.

"तुझे बाबा कधी गेले?"

"आठ महिने झाले. घरीच गेले, झोपेत." मुलगी बटणाच्या उघड्या घराकडे पाहत होती. पुढचं तिने न विचारताच सांगितलं. "मी ही गाडी त्यांच्या दुपारच्या झोपेत शिकले. गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत न्यायची आणि मग चालू करायची. एकदा ते जागे होते. त्यानंतर रोज खिडकीत बसायचे. मी चावी लावून बसले की बाहेर यायचे, या बाजूला उभे राहायचे आणि ते लाल बटण दाबायचे. बोलायचे नाहीत. रागवायचेही नाहीत. नुसतं बटण दाबून आत जायचे."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. मग मी बसायचं सोडलं."

पंक्चरवाला उजव्या बाजूला उभा होता. तो हळूच चार पावलं मागे सरकला आणि आपल्या दुकानात जाऊन बसला. ट्यूब मात्र त्याने पुन्हा हातात घेतली नाही.

"घाबरलीस?" मीटरताईने विचारलं.

"नाही. वीट आलाय." मुलगी गाडीवरून उतरली नव्हती. "ताई, तुम्ही हात टेकलेत का? तसं सांगा. मी ढकलत जाईन, पण जाईन."

"साठ किलोमीटर?"

"बारापर्यंत जेवढं होईल तेवढं."

मीटरताई उठली. तिने भिंतीवरच्या दोन्ही स्तंभांकडे एकदा पाहिलं. बावीस वर्षांत एकही आकडा तिच्याशी असा वागला नव्हता. तिने ड्रॉवरमधून कटर काढलं.

"काका," ती गाडीच्या उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाली, "मी तिसरं माणूस, मला मध्ये पडायचं नाही. पण पोरगी कामाला निघालीये. हात काढा."

मीटरवर शून्य होतं. ते शून्यच राहिलं.

"बरं," मीटरताई म्हणाली आणि तिने दोन्ही वायरी कापल्या.

तिने टोकं सोलली, पीळ दिला, शिशाचा डाग दिला, टेप गुंडाळली. स्विचच उरला नाही, तर दाबणार काय? मुलीने स्टार्टरचं बटण दाबलं. 'टिक' नाही.

मीटर लावला. आता साइड स्टँडचा स्विच. स्टँड वर होता, मुलीचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले होते आणि स्विचची छोटी खिट्टी मात्र स्टँड खाली असल्यासारखी आत दबलेली होती.

"बाबा उजवीकडून डावीकडे आले," मुलगी म्हणाली.

"येऊ देत."

कापलं. पीळ. डाग. टेप.

दहाला दहा मिनिटं कमी. मुलीने क्लच मुठीपर्यंत ओढला. क्लचचा स्विच म्हणत होता की क्लच सुटलेला आहे. हिरवा दिवाही विझला, म्हणजे गाडीच्या मते ती न्यूट्रलमध्येही नव्हती.

कापलं. पीळ. डाग. टेप.

मग स्टार्टरचं बटणच मेलं.

"बाबा," मुलगी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, घरातल्या घरात बोलावं तसा. "किती ठिकाणी दाबणार आहात? ताईंकडे वायर खूप आहे."

मीटरताईने सीट काढलं. रिलेचे दोन जाड खिळे उघडे पडले. एकावर थेट बॅटरी, दुसऱ्यावर थेट सेल्फ. मध्ये आता कुणाला विचारायचं कारण नव्हतं. तिने मोठा स्क्रूड्रायव्हर आडवा धरला.

"इग्निशन चालू आहे?"

"आहे."

तिने दोन्ही खिळे जोडले. निळी ठिणगी उडाली. सेल्फ फिरला, जड, ओल्या दोरीसारखा. एकदा. दोनदा. बॅटरी आठवर उतरली. कुणीतरी मागचं चाक धरून ठेवल्यासारखी सगळी गाडी थरथरत होती. मीटरताईने हात काढला नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक लाल होत चाललं.

"चल," मुलगी दात आवळून म्हणाली. "चल."

इंजिन चालू झालं.

 आवाज एकसुरी होता. मीटरताईने सीट बसवलं आणि इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, "आता या गाडीला नको म्हणणारं काही उरलेलं नाही. स्टँड विसरलीस तर पडशील. बंद करायला फक्त चावी. ती तेवढी मी सोडलीये. आणि पोचलीस की फोन कर."

"तुमचे किती झाले?"

"नीट केलेली नाही मी. नीट करीन तेव्हा बघू."

दहा वाजून पाच मिनिटांनी मुलगी वळणावरून दिसेनाशी झाली. पंक्चरवाला दाराशी येऊन उभा राहिला. "ताई, पाटी काढू का?" त्याने विचारलं.  मीटरताई भिंत पुसत होती.

फोन वाजला तेव्हा बाराला वीस मिनिटं होती.

"पोचले," मुलगी म्हणाली. मागे इंजिनचा आवाज येत होता. "केंद्राच्या आवारात आहे. वाटेत काही झालं नाही. एकदाही झटका नाही, काही नाही."

"मग बंद कर ती. ऐकू येत नाही नीट."

"बंद होत नाहीये."

मीटरताई खुर्चीवरून उठली. "चावी फिरवली?"

"चावी माझ्या खिशात आहे."

"गिअर टाक. ब्रेक घट्ट दाब आणि क्लच एकदम सोड. बंद पडेल."

"दोनदा केलं."

"टाकीच्या खाली, इंजिनच्या डोक्यावर काळी रबरी टोपी आहे. हात भाजेल, रुमाल घे. ती उपसून काढ. प्लगला ठिणगीच मिळाली नाही की इंजिन चालूच राहू शकत नाही."

थोडा वेळ नुसता इंजिनचा आवाज आला. एकसुरी, कुठेही न अडखळता.

"काढली ताई. हातात आहे."

मीटरताईने आकड्यांच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत कोरी होती.

"चालू राहू दे," मुलगी म्हणाली. "माझं काम आत आहे. फोन ठेवू नका."

बुटांचा आवाज आला. आधी खडीवर, मग पायऱ्यांवर, मग फरशीवर. एक दार उघडलं आणि लागलं. लांबलचक व्हरांडा असावा. पावलं बराच वेळ चालत राहिली. दुसरं दार उघडलं, तेही लागलं. पंख्याची घरघर आली. कुणीतरी, "या, बसा," म्हणालं. खुर्ची सरकली. कागदाची घडी उलगडली.

"सही कुठे करू?" मुलीने विचारलं. आवाज जराही हलला नव्हता.

मीटरताईने फोन कानावर घट्ट दाबून धरला. दोन दारं आणि तो लांब व्हरांडा ओलांडून झाला होता, आणि इंजिनचा आवाज तसूभरही लांब गेला नव्हता; बाबा उभे राहायचे तसा तो तिच्या शेजारीच होता.