पांढऱ्या रेघेपलीकडचे बोल्ट

त्या दुपारी रुळावर ते तीन ठोके कोणी मारले?

साहेबांना विचारलं, शिपायांना विचारलं. तुम्ही चहा घ्या, थंड होतोय. ठोके कोणाचे ते मलाही ठाऊक नाही, पण पुढे काय झालं ते सांगतो.

माझा मोठा भाऊ नोरमुराद, आम्ही त्याला अका म्हणायचो, आमू नदीवरच्या रेल्वेपुलाची गस्त करायचा. अर्धा पूल आमच्या देशाचा, अर्धा अफगाणांचा, मध्ये पांढरी रेघ. अका रोज रेघेपर्यंत जायचा आणि हातोड्याने एकेक बोल्ट वाजवायचा, सैल असेल तो आवळायचा. प्रत्येक बोल्टवर दोनदा, एकदा जोरात, एकदा हळू. "एकदा विचारायचं, एकदा ऐकायचं," म्हणायचा. पुलावरून उतरला की रुळावर तीन ठोके. दोनशे पावलांवरच्या केबिनमध्ये म्हातारे सिग्नलवाले एर्गश बोबो ते ऐकायचे आणि मग गाडी सोडायचे. पलीकडच्या गस्तवाल्याचे ठोके दोन. वॉकीटॉकी होते, पण धुळीचा वारा सुटला की नुसते खरखरायचे.

त्या दुपारी तसाच वारा होता. बोबोंना तीन ठोके ऐकू आले, त्यांनी मालगाडी सोडली. अका तेव्हा रेघेजवळ होता. इंजिनाला काहीच लागलं नाही, असं ड्रायव्हर म्हणाला. रेघेवर अकाची टोपी सापडली, बाकी काही नाही. आमचे साहेब म्हणाले, तो पलीकडच्या पाण्यात पडला. पलीकडचे म्हणाले, अलीकडे. दोघांनी आपापल्या काठावरून दोन दिवस नदी बघितली आणि कागद बंद केले.

आई दुखवट्याचे निळे कपडे घालायला तयार नाही. जनाज्याचं नाव काढलं की म्हणते, "माझा मुलगा ड्यूटीवर आहे. तू जा, त्याला घेऊन ये."

चाळीस दिवसही झाले नव्हते. मी जाऊन अकाची नोकरी मागितली.

"तुला तीनपर्यंत मोजता येतं का रे?" एर्गश बोबोंनी टोमणा मारला.

"तुम्हाला येतं का?" मी म्हणालो.

म्हाताऱ्याने गाड्यांच्या वहीवर बोट ठेवलं. म्हणाला, "तीनच होते, तुर्दी... मी बहिरा नाही."

आठवडाभराने रेघेवर नेकमहंमद भेटला. हा पलीकडचा गस्तवाला, अकाचा दोस्त. रेघेच्या तिकडून त्याने मला नान दिली, मी इकडून खरबूज दिलं.

"त्या दिवशी तू ठोके मारलेस?" मी सरळ विचारलं.

"मी तर पुलावर चढलोच नव्हतो. त्या वाऱ्यात कुत्रंही बाहेर पडत नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. "तुर्दीजान, तू रेघ ओलांडून येतोस का?"

"वेडा आहेस का? गोळी घालतील."

"मग माझ्या बाजूचे बोल्ट कोण घट्ट करतं? मी यायच्या आधी सगळे झालेले असतात. फुकटचा पगार खातोय मी." तो हसला, पण हसणं अर्ध्यातच राहिलं. "लांबून आवाज येतो. एकदा जोरात... एकदा हळू..."

मी भ्यायलो नव्हतो. मला नुसतं जाणून घ्यायचं होतं. अका तिकडे काय करतोय? परत का येत नाही? मग डोक्यात आलं, अका कधी पासाशिवाय रेघ ओलांडायचा नाही. पलीकडे पडला असेल, तर अडकून बसला असेल.

वारा पुन्हा सुटला तेव्हा भर बारा वाजता दिवस तांबूस झाला. दातांत वाळू करकरत होती, डिझेलचा आणि ओल्या गंजाचा वास येत होता. मी रेघेपाशी गेलो. स्वतःच्या बुटांपलीकडे काही दिसत नव्हतं.

एक बोल्ट वाजवला.

समोरून उत्तर आलं. जोरात. मग हळू.

पुढचा वाजवला. समोरचा आवाज एक बोल्ट जवळ आला.

मी रेघ ओलांडली. विचार केला असता तर ओलांडली नसती. "अका," मी म्हणालो, "चल. आई जेवायची थांबलीये..."

हातोडा थांबला. खाली नदीचा आवाज तेवढा राहिला.

मी मागे फिरलो. दहा-बारा पावलांनी माझ्यामागे पुलावरचे लोखंडी पत्रे वाजायला लागले, माझ्या पावलांच्या मधे मधे. मी तीनदा वळून पाहिलं. मला कुठे दम निघतोय? नुसती धूळ. पण मी थांबलो की पत्रे एका पावलाने उशिरा थांबत.

पुलाच्या तोंडाशी जाळीचं फाटक आहे. तिथे नवा शिपाई होता, त्याच आठवड्यात समरकंदहून आलेला. त्याने अकाला कधी पाहिलं नव्हतं. त्याने कंदील वर धरला, माझा चेहरा पाहिला, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"तू ये," तो म्हणाला. "पण तुझ्यामागे आहे त्याचा पास कुठाय? आणि हा एवढा भिजलाय कशाने?"

मी वळलो नाही. खिशातला माझा पास काढून त्याच्या हातात दिला.

"हा त्याचा," मी म्हणालो. आणि वाऱ्यात आपटणारं ते फाटक दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो, अकाला आधी बाहेर पडता यावं म्हणून.